तेलाखालचे पाणी
(यांत्रिक नौकांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण)

समुद्रावर मनुष्याने मिळविलेल्या विजयांचा इतिहास आपण मोठ्या आवडीने वाचतो. कोणी नवा मार्ग शोधला, कोणी आरमार उभारले, कोणी वादळातून गलबत सुखरूप आणले, या कथा आपल्या कोळीवाड्यांतून आजही सांगितल्या जातात आणि त्या सांगितल्या जाव्यात हेच योग्य आहे. परंतु नौकेच्या इतिहासाचा एक भाग असा आहे की, त्याला कथेचे तेज नाही, म्हणून त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो भाग म्हणजे नौकेच्या पोटात, इंजिनाच्या शेजारी, अंधारात बसविलेली इंधनाची टाकी. तिच्या तळाशी साचणारे शेर-दोन शेर पाणी मोठमोठ्या जहाजांच्या नाशाला कारण झालेले आहे, आणि आपल्या लहान मचव्यांना तर ते दरवर्षी त्रास देत असते. आपली ज्ञाती दर्यावर जगणारी. तिच्या स्मरणिकेत या विषयाला चार पाने मिळावीत, ही अपेक्षा गैर ठरू नये.

शिडाचे युग

आपल्या वाडवडिलांच्या नौकेवर टाकी होती ती एकच आणि ती गोड्या पाण्याच्या पिंपाची. वारा हेच त्यांचे इंधन होते; ते विकत घ्यावे लागत नसे, साठवावे लागत नसे आणि नासतही नसे. तांडेलाची सारी विद्या आभाळाकडे पाहण्यात होती. मतलई केव्हा सुटेल, खारा वारा केव्हा धरेल, उधाणाचे पाणी किती चढेल आणि भांगाला खाडीचे तोंड किती उथळ होईल, हे ज्याला कळे तोच तांडेल. नौकेची निगा म्हणजे लाकडाची, दोरखंडाची व शिडाची निगा. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासणे, तळाला तेल-चुना लावणे, परबाण व डोलकाठी तपासणे, ही कामे बाप मुलाला हाताला धरून शिकवी. त्यांतील एखादे काम चुकले तर काय होते हे डोळ्यांना दिसत असे. फळी गळू लागली की पाणी पायाला लागे आणि शीड फाटले की ते सर्वांना दिसे.

इंजिन आले आणि या विद्येत एक मोठा फरक पडला. नव्या यंत्राचा बिघाड डोळ्यांआड होऊ लागला. दोष टाकीच्या तळाशी महिनोन्महिने वाढत राहतो आणि प्रकट होतो तो किनाऱ्यापासून वीस मैलांवर, लाटांच्या तडाख्यात. जुन्या विद्येचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने या नव्या विद्येचाही तितक्याच कसोशीने अभ्यास करावयास हवा, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

तेलाचे इंजिन पाण्यावर कसे आले

जर्मनीतील गॉटलीप डाइमलर याने १८८६ साली आपले पेट्रोलवर चालणारे लहानसे इंजिन एका होडीत बसवून नेकार नदीवर चालवून दाखविले. त्या काळी लोकांना पेट्रोलची इतकी धास्ती होती की, डाइमलरने होडीला चिनी मातीचे खुंट व तारा लावून ती विजेवर चालते असा भास निर्माण केला, अशी हकीकत सांगतात. ती धास्ती अगदीच निराधार नव्हती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी उतरून साचते आणि एका ठिणगीने सारी नौका भस्म करू शकते. समुद्रावर अधिक निर्धास्त अशा तेलाची गरज होती.

ती गरज रुडोल्फ डीझेल याच्या शोधाने भागली. डीझेलचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे झाला. १८९७ साली ऑग्सबुर्ग येथील कारखान्यात त्याच्या इंजिनाची यशस्वी परीक्षा झाली. सुमारे २० अश्वशक्तीच्या त्या इंजिनाने इंधनातील उष्णतेपैकी जवळजवळ २६ टक्के उष्णतेचे कार्यात रूपांतर करून दाखविले. त्या काळची सामान्य वाफेची यंत्रे १० टक्क्यांच्या आसपास घुटमळत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या शोधाचे महत्त्व कळते. पुढे १९१२ साली कोपनहेगन येथे बांधलेले ‘सेलांडिया’ हे डीझेल इंजिनाचे जहाज थेट बँकॉकच्या प्रवासास निघाले. त्याला धुराडे नव्हते. इंजिनाचा धूर डोलकाठीतून बाहेर सोडला जाई. बिनधुराड्याचे ते जहाज पाहून बंदराबंदरांतील लोक चकित झाले. स्वतः डीझेल मात्र या विजयाचा उपभोग फार काळ घेऊ शकला नाही. १९१३ च्या सप्टेंबरात अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या आगबोटीवरून तो रात्रीतून नाहीसा झाला आणि पुढे त्याचा देह समुद्रातच सापडला.

डीझेलची पहिली इंजिने अवजड होती. त्यांत तेल फवारण्यासाठी दाबाखालच्या हवेचा उपयोग करीत, आणि त्यासाठी वेगळे यंत्र जोडावे लागे. लहान होडीत ते मावणे शक्य नव्हते. १९२७ साली रॉबर्ट बॉश याच्या कारखान्याने तेल फवारणारा लहान पंप मोठ्या संख्येने तयार करण्यास आरंभ केला, तेव्हा लहान व वेगवान डीझेल इंजिनाचा मार्ग मोकळा झाला. परंतु येथेच आपल्या विषयाचे बीज आहे. या पंपातील दट्ट्या व त्याची नळी यांच्यामध्ये अवघ्या दोन-तीन मायक्रॉनांची फट असते. मनुष्याचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून तिची कल्पना यावी. शिवाय या दट्ट्याला वंगण म्हणून वेगळे काही नसते. त्यातून जाणारे डीझेल तेलच त्याचे वंगण. त्या तेलाऐवजी पाणी आले की पोलादावर पोलाद कोरडे घासते, गंज चढतो, आणि तापलेल्या नोझलच्या टोकाशी त्या पाण्याची एकाएकी वाफ होऊन टोकच फुटू शकते. ज्या सूक्ष्मतेमुळे डीझेल इंजिन लहान होडीत आले, त्याच सूक्ष्मतेमुळे त्या होडीला स्वच्छ तेलाची गरज लागली.

आपल्या किनाऱ्यावर

मुंबईच्या समुद्रात यांत्रिक मासेमारीचा सरकारी प्रयोग १९२१-२२ साली ‘विल्यम कॅरिक’ या वाफेच्या ट्रॉलरने झाला. पण तो आपल्या कोळ्यांच्या घरापर्यंत पोहोचला नाही. खरा बदल स्वातंत्र्यप्राप्तीच्या आगेमागे सुरू झाला आणि १९५१ साली सुरू झालेल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेने त्याला गती दिली. १९५२ साली भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन आजच्या केरळातील नींदकरा-शक्तिकुलंगरा भागात लहान यांत्रिक नौकांचा प्रकल्प उभा राहिला. तिकडे कट्टुमरम व लहान होड्या यांवर इंजिन बसविणे अवघड असल्याने नव्या घाटाच्या नौका बांधाव्या लागल्या. आपल्याकडे तशी अडचण पडली नाही. सातपाटी, वेसावे या गावांतील मचव्यांचा बांधाच असा भक्कम व प्रमाणबद्ध होता की, थोडा फेरफार करून त्यांतच इंजिन बसविता आले. आपल्या सुतारांच्या व तांडेलांच्या जुन्या विद्येला मिळालेले हे मोठेच प्रशस्तिपत्र होय.

इंजिनाने आपल्या जीवनात किती पालट केला हे येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. वारा पडला म्हणून मासळी कुजणे थांबले. दूरच्या पाण्यात जाळे टाकता येऊ लागले. ससून डॉकचा बाजार वेळेवर गाठता येऊ लागला. पण त्याबरोबर नाखव्याच्या खर्चात डीझेल हा सर्वांत मोठा आकडा होऊन बसला, आणि तांडेलाच्या जोडीला ‘ड्रायव्हर’ हा नवा मानकरी नौकेवर आला. या नव्या मानकऱ्याला शिकविणारा बाप मात्र घरात नव्हता. १९६१ साली मुंबईत मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था निघाली, १९६३ साली कोचीन येथे नौकांवरील तंत्रज्ञ तयार करणारी संस्था निघाली. तरी बहुसंख्य ड्रायव्हर पाहून-पाहूनच शिकले. पाहून शिकणारा मनुष्य जे दिसते तेच शिकतो. इंजिन दिसते, टाकीचा तळ दिसत नाही.

टाकीत पाणी येते कोठून?

कित्येकांची समजूत अशी असते की, टाकीत पाणी आढळले म्हणजे डीझेल विकणाऱ्याने लबाडी केली. तसे कधी घडत नाही असे नाही. परंतु प्रत्येक वेळी दोष दुसऱ्यावर टाकणे न्यायाचे नव्हे. पाण्याच्या वाटा अनेक आहेत. तेल भरण्याच्या तोंडाचे झाकण सैल असले किंवा त्याचे रबर झिजले असले, तर फळ्यांवर आलेली प्रत्येक लाट थोडेथोडे पाणी आत सोडते. टाकीची हवा येण्या-जाण्याची नळी खाली वाकविलेली नसेल किंवा मोडली असेल, तर तीही उघडे दारच होय. पिंपांतून तेल आणताना पिंपाच्या तोंडाशी साचलेले पावसाचे पाणी आत जाते. आणि चौथी वाट हवेची. टाकी अर्धी रिकामी असली की दिवसा तापून ती हवा बाहेर टाकते व रात्री निवून दमट हवा आत ओढते. त्या हवेतील बाष्प थंड पत्र्यावर दवासारखे जमते आणि तळाला उतरते. एका रात्रीत जमणारे हे पाणी अगदी थोडे, पण आपल्या कोकणातील पावसाळ्याची दमट हवा आणि दोन महिने किनाऱ्यावर ओढून ठेवलेली नौका यांचा हिशेब केला म्हणजे त्याचे महत्त्व कळते. महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी सामान्यतः १ जून ते ३१ जुलै या काळात बंद असते. या काळात आपण नौकेला रंग देतो, जाळी विणतो, पण टाकीकडे कोणी पाहत नाही. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच फेरीत कित्येक इंजिने बंद पडतात, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

पाणी तेलाहून जड. डीझेलचे एक लिटर सुमारे ०.८२ ते ०.८६ किलो, म्हणजे पाऊण किलोहून थोडे अधिक भरते. समुद्राचे पाणी लिटरला एक किलोहून किंचित अधिक भरते. म्हणून पाणी तळाशी बसते. परंतु बसावयास त्याला वेळ लागतो. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याचा खाली उतरण्याचा वेग चौथाई होतो. लाटांनी घुसळलेल्या टाकीत पाण्याचे थेंब अतिसूक्ष्म होऊन तेलात तरंगत राहतात. म्हणूनच धक्क्याला येताच निचरा केला तर स्वच्छ तेल येते, मनुष्य निश्चिंत होतो, आणि रात्रभर स्वस्थ राहिल्यावर तेच पाणी तळाशी गोळा होते.

पाण्याचा उपद्रव एवढ्यावर संपत नाही. तेल व पाणी जेथे एकमेकांस भेटतात तेथे बुरशी व जिवाणू वाढतात. खनिज तेलापासून मिळणाऱ्या मेणावर बुरशी जगू शकते हे मियोशी या जपानी शास्त्रज्ञाने १८९५ सालीच दाखविले होते. पुढे १९५० नंतरच्या दशकांत जेट विमानांच्या टाक्यांत तिने इतका उच्छाद मांडला की साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले. हा जीव तेल खातो, पण राहतो पाण्यात. त्याचा काळा, बुळबुळीत थर गाळण्या तुंबवितो आणि त्यातून निघणारे आम्ल टाकीचा पत्रा खाते. यावरचे पहिले औषध एकच. ते म्हणजे पाणी राहू न देणे. जेथे पाणी नाही तेथे ही बुरशी वाढू शकत नाही.

मोठ्या जहाजांवर या शत्रूशी लढण्याच्या युक्त्या फार पूर्वी निघाल्या. तेल प्रथम एका टाकीत निवळत ठेवावयाचे, तळाचे पाणी काढावयाचे, आणि वरचे तेल रोजच्या वापराच्या टाकीत घ्यावयाचे, ही पहिली युक्ती. दुसरी अधिक गमतीची आहे. स्वीडनमधील गुस्ताफ दे लावाल याने १८७८ साली दुधापासून साय वेगळी करणारे फिरते यंत्र तयार केले. दूध व साय यांच्या वजनातील फरकावर चालणारे तेच तत्त्व पुढे जहाजांवरील तेलातून पाणी व गाळ वेगळा करण्यासाठी वापरण्यात आले, आणि आज बहुतेक मोठ्या जहाजांवर ते असते. पाणबुड्यांनी तर या शत्रूलाच नोकर केले. कित्येक पाणबुड्यांच्या टाक्यांत जसजसे तेल संपे तसतसे समुद्राचे पाणी खालून आत घेत, आणि तेल त्यावर तरंगत राही. त्यामुळे पाणबुडीचे वजन बिघडत नसे. नियम तोच, जाणणाऱ्याला तो साह्य करतो, दुर्लक्ष करणाऱ्याला बुडवितो.

इतिहासाच्या तीन साक्षी

या विधानाला तीन प्रसंगांची साक्ष देता येईल.

पहिला प्रसंग १९४१ सालचा. ‘बिस्मार्क’ या प्रचंड जर्मन युद्धनौकेने २४ मे रोजी ब्रिटिशांचे ‘हूड’ जहाज बुडविले. पण त्याच चकमकीत ‘प्रिन्स ऑफ वेल्स’च्या एका गोळ्याने तिच्या नाळेला भोक पडले. पुढच्या टाक्यांतील सुमारे १,००० टन तेल तिला वापरता येईना आणि तेलाची लांबच लांब रेघ समुद्रावर उमटू लागली. जगातील बलाढ्य नौकांपैकी एक अशी ती नौका तेलाच्या चिंतेने फ्रान्सच्या बंदराकडे वळली आणि तीन दिवसांनी, २७ मे रोजी, शत्रूच्या घेऱ्यात सापडून बुडाली.

दुसरा प्रसंग १८ डिसेंबर १९४४ चा, फिलिपाइन्सच्या पूर्वेकडील समुद्रातला. अमेरिकेचे आरमार एका भयंकर तुफानात सापडले. काही विनाशिकांच्या टाक्या जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या. अशा वेळी रिकाम्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून नौका जड व स्थिर करावयाची असते. परंतु पाणी भरले की पुन्हा तेल घेण्यापूर्वी ते उपसून काढण्याचा खटाटोप करावा लागतो. आणि तेल घेण्याची आशा तर प्रत्येक तासाला होती. ‘स्पेन्स’वर पाणी भरण्यास उशीर झाला. ‘स्पेन्स’, ‘हल’ व ‘मोनॅहन’ या तीन विनाशिका उलटून बुडाल्या, आणि साऱ्या आरमारातील सुमारे ७९० माणसे त्या दिवशी दर्याने नेली. टाकीचा निचरा करण्याच्या कष्टाचा हिशेब वादळाच्या तोंडावर मांडला गेला, त्याची ही किंमत.

तिसरा प्रसंग आपल्याला सर्वांत जवळचा वाटावा असा आहे. १९९३ च्या जानेवारीत ‘ब्रेअर’ हे तेलवाहू जहाज नॉर्वेहून कॅनडाकडे ८४,७०० टन कच्चे तेल घेऊन निघाले. वाटेत तुफान उठले. डेकवर बांधून ठेवलेले काही पोलादी पाइप सुटले आणि लाटांबरोबर इकडून तिकडे आदळू लागले. त्यांच्या आघाताने डीझेलच्या टाक्यांच्या हवेच्या नळ्या मोडल्या. त्या नळ्यांतून समुद्राचे पाणी डीझेलमध्ये उतरू लागले. वादळ मोठे म्हणून बाहेर जाऊन कोणी पाहिले नाही. इंजिनखान्यातील माणसांना टाकीत पाणी आढळले तेव्हा त्यांनी निचरा करण्याचा यत्न केला. पण जितके काढावे तितके वरून येत होते. ५ जानेवारीच्या पहाटे इंजिन बंद पडले, जहाजावर अंधार झाला, आणि त्याच दिवशी दुपारच्या आत ते शेटलंड बेटांच्या दक्षिण टोकाला खडकावर जाऊन आदळले. चौतीसही माणसे हेलिकॉप्टरने वाचली, पण जहाज व त्यातील सारे तेल समुद्राच्या स्वाधीन झाले. एवढ्या अवाढव्य जहाजाचा घात दोन-चार नळ्यांनी केला! आपल्या मचव्यावरही तशीच नळी असते.

तपासणीची व निचऱ्याची रीत

इतिहासाने एवढे शिकविल्यावर प्रत्यक्ष काय करावे, हे सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

प्रथम टाकीची जागा व बांधणी पाहावी. टाकीचा तळ एका कोपऱ्याकडे उतरता असावा, त्या कोपऱ्यात निचऱ्याचा कॉक असावा आणि इंजिनाकडे तेल नेणाऱ्या नळीचे तोंड तळापासून थोडे वर असावे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा डीझेलच्या टाकीस आतून वापरू नये, कारण जस्त व डीझेल यांचा संयोग होऊन साबणासारखा चिकट पदार्थ तयार होतो व तो नोझलपर्यंत जातो. झाकणाचे रबर वर्षातून एकदा बदलावे. हवेची नळी खाली वाकलेली व जाळी लावलेली असावी.

दुसरी गोष्ट, नौका किनाऱ्यावर ओढलेली असली तर ती कोणत्या बाजूस कलली आहे ते पाहावे. कललेल्या नौकेत पाणी भलत्याच कोपऱ्यात साचते आणि कॉक उघडूनही बाहेर येत नाही. टेकू लावून कॉकचा कोपरा सर्वांत खाली आणावा आणि नौका एक रात्र तशीच स्वस्थ ठेवावी.

तिसरी गोष्ट अग्नीची. निचरा करताना विडी, चूल, दिवा, वेल्डिंग यांतील काहीही जवळ असता कामा नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात तेलाची वाफ व हवा यांचे मिश्रण भरलेले असते. टाकीला भोक पडले म्हणून ती नुसती रिकामी करून तिच्यावर वेल्डिंग करणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होय. टाकी पूर्णपणे धुऊन, वाफ काढून, जाणत्या माणसाकडून तपासून घेतल्यावाचून तिला ज्योत लावू नये. तशीच टाकीत डोके घालून वाफ हुंगू नये आणि एकट्याने आत उतरू नये.

मग कॉकखाली काचेची स्वच्छ बाटली धरून कॉक हळूच उघडावा. तो एकदम पूर्ण उघडला तर तळाच्या पाण्यात भोवरा होऊन वरचे तेल निघून जाते व पाणी मागे राहते. आलेले तेल बाटलीत काही वेळ निवळू द्यावे. खाली स्वच्छ थर दिसला तर ते पाणी. काळा चोथा दिसला तर ती बुरशी. तांबूस कण दिसले तर तो गंज. निखळ तेल येईपर्यंत हे करावे. पाणी ओळखण्याचा एक लेप बाजारात मिळतो. तो मोजपट्टीच्या टोकाला लावून टाकीत बुडविला की पाण्याच्या उंचीइतका त्याचा रंग पालटतो. त्यावरून किती पाणी आहे हे आधीच कळते. काळा चोथा पुष्कळ निघाला तर निचरा पुरेसा नाही. सारे तेल उपसून टाकीचे झाकण उघडून ती आतून पुसावी, आणि पुसण्यासाठी धागे सुटणारा कापूस वापरू नये.

त्यानंतर गाळणीच्या तळाची वाटी रिकामी करावी, जुनी गाळणी बदलावी, आणि हातपंपाने तेल चढवून नळ्यांतील सारी हवा काढावी. आपले ड्रायव्हर याला ‘एअर काढणे’ म्हणतात. हे विसरले तर स्वच्छ तेल असूनही इंजिन पेटत नाही. शेवटी इंजिन किनाऱ्याजवळच अर्धा तास चालवून पाहावे. समुद्रात पहिल्या फेरीला जाताना नव्या गाळणीचा एक जोड बरोबर असावा, कारण लाटांनी टाकी घुसळली की राहिलेला गाळ वर येतोच.

बाटलीत निघालेले तेलकट पाणी मात्र खाडीत ओतू नये. ज्या पाण्यावर आपली मासळी जगते त्याच पाण्यात तेल ओतणे म्हणजे आपल्याच ताटात माती कालविणे होय. १९७३ व १९७८ सालच्या आंतरराष्ट्रीय करारांनी मोठ्या जहाजांना हे बंधन घातले आहे. आपल्याला ते बंधन कोणी घालण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गावाच्या सोसायटीने धक्क्यावर एक पिंप ठेवले तर ही सोय सहज होईल.

येथे एका नव्या गोष्टीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. एप्रिल २०२० पासून आपल्या देशात मिळणाऱ्या डीझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत केवळ १० भाग इतके उतरविण्यात आले आहे. हवेच्या दृष्टीने हे उत्तमच झाले. डीझेलमध्ये वनस्पतिजन्य तेलापासून केलेले इंधन मिसळण्याचे धोरणही सरकारने जाहीर केलेले आहे. असे मिश्र इंधन साध्या डीझेलपेक्षा पाणी अधिक धरते. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल तर पाणी शोषून घेते आणि मर्यादेबाहेर पाणी झाले की पेट्रोलपासून फुटून तळाशी बसते; बाहेर लावावयाच्या पेट्रोल यंत्रांच्या मालकांनी हे ध्यानात ठेवावे. तात्पर्य, जुन्या काळी जी हयगय खपून गेली ती यापुढे खपेलच असे नाही.

उपसंहार

ज्ञातिबंधुभगिनींनो, नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ अर्पण करतो आणि नौकेची पूजा करतो. ही श्रद्धा आपल्या पूर्वजांची आहे आणि ती आपण जपली पाहिजे. परंतु त्याच पूर्वजांनी पूजेच्या आधी फळीन् फळी ठोकून पाहिली होती, हेही विसरता कामा नये. त्यांची श्रद्धा आणि त्यांची दक्षता ही वेगवेगळी नव्हती. आज नौकेला फळ्यांच्या जोडीला टाकी आली आहे. म्हणून पूजेच्या आदल्या दिवशी टाकीचा निचरा झाला की नाही, हे विचारणे नाखव्याचे कर्तव्य ठरते. घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी एक वही घालून त्यात निचऱ्याची तारीख, निघालेले पाणी व बदललेली गाळणी यांची नोंद ठेवली, तर दोन-तीन हंगामांत कोणत्या टाकीत पाणी कोठून येते हे आपोआप उघड होईल.

इंजिन बंद पडलेल्या नौकेवर आज शीड नसते. वारा किनाऱ्याकडे असला तर ती खडकावर जाते, आणि किनाऱ्याकडून असला तर खोल समुद्रात. तिच्यावर पाच-सात घरांचे कर्ते पुरुष असतात आणि धक्क्यावर त्यांची वाट पाहणारी माणसे असतात. बाटलीभर पाणी वेळेवर काढण्याने त्या घरांचे दिवे तेवत राहणार असतील, तर याहून स्वस्त विमा दुसरा कोणता? आपल्या तरुण ड्रायव्हरांनी ही विद्या आपलीशी करावी, आणि पुढील पिढीला ती हाताला धरून शिकविणारा बाप प्रत्येक घरात लाभावा, एवढीच इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.